पाच किलो ज्वारी

ताडकळस
६ जानेवारी २०२५

आदरणीय वहिनी यांस,

धम्मशीलाचा सप्रेम जयभीम वि. वि. आईला वंदन, पिंकीला गोड पापा.

पत्र पाहून तुम्ही हसाल. मोबाईलच्या जमान्यात आमच्या नणंदबाई पोस्टात गेल्या, असं दादाला सांगालही. पण इथं फोन एकच, तो दिवसभर ह्यांच्याबरोबर ट्रॅक्टरवर असतो, आणि संध्याकाळी मी बोलायला लागले की घरातले सगळे गप्प होऊन ऐकतात. अंगणवाडीच्या ताई भल्या आहेत. पत्र त्यांच्या नावावर पाठवत जा, म्हणजे ते माझ्याच हाती पडेल.

दादाचा खोकला कसा आहे? टीबीच्या गोळ्या उपाशीपोटी घेऊ देऊ नका. आमच्या गल्लीत एकाने घेतल्या, त्याला दिवसभर उलट्या झाल्या. दादाला पोटभर खायला घाला. मी सांगायची गरज नाही, पण लांब राहून दुसरं काय करणार?

सम्यका वर्षाची झाली. भिंतीला धरून उभी राहते आणि आपलं आपणच हसते. अंगणवाडीत वजन केलं तेव्हा ताई थोडं कमी म्हणाल्या. आपल्या घराण्यात कोण कधी जाड होतं, म्हणून मी काळजी करत नाही.

इथल्या रेशनकार्डावर चौघांची नावं आहेत, सासरे, सासूबाई, हे आणि धाकटे दीर. माझं नाव लग्नानंतरही तिकडेच राहिलं, त्यामुळे सम्यकाचं कुठंच चढलं नाही. सासूबाई परातीशी बसल्या की एकदा तरी म्हणतात, हिच्या वाट्याचं हिचे माहेरचे खायलेत आन हिला आमी पोसायलोत. मी मनावर घेत नाही. दादा कामाला लागेपर्यंत माझे पाच किलो तुमच्याकडेच राहू द्या. आता कार्डावरच्या प्रत्येकाने मशीनवर अंगठा द्यायचा आहे, नाहीतर नाव उडतं म्हणे. तो कुठल्याही दुकानात देता येतो. मी इथं देऊन येईन, तुम्ही निश्चिंत राहा.

कळावे. माया आहेच, तिला खंड पडू देऊ नका.

तुमची
धम्मा


पोखर्णी
१९ जानेवारी २०२५

प्रिय धम्मा हिस,

संघप्रियाचा सप्रेम जयभीम आणि सम्यकाला अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आईंना वाचून दाखवलं, सासूबाईंची ओळ तेवढी गाळून. पण गाळताना मी अडखळले, आणि तुझ्या आई काय आहेत तुला ठाऊक आहे. त्यांनी ती ओळ माझ्याकडून काढून घेतलीच. रात्री कुणीच नीट जेवलं नाही.

मी या घरात आले तेव्हा तू दोन वेण्या घालून शाळेत जात होतीस. मला तू फसवू नकोस. वजन थोडं कमी म्हणजे किती कमी, हे तू लिहिलं नाहीस. लग्न होऊन तीन वर्षं झाली आणि लेकीचं नाव कार्डावर ठेवून आम्ही तिचा घास खातो, हे मला पहिल्यापासून टोचत होतं. म्हणून ह्यांना बरोबर घेऊन परवा कचेरीत गेले आणि तुझं नाव कमी करून आणलं. इतकं झटपट सरकारी काम मी जन्मात पाहिलं नव्हतं. सही, शिक्का आणि संपलं. दाखला सोबत ठेवला आहे. तो तिकडे दिला की तुझं आणि लेकराचं नाव लगेच चढेल, असं आमचे दुकानदार आबासाहेब म्हणाले. मग परातीपुढे कुणी तुला बोलणार नाही.

आईंना वाटलं, नाव कापलं म्हणजे लेकच कापली. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. संध्याकाळी त्यांना समजावलं, तेव्हा कुठे चहा घेतला.

आमची काळजी सोड. चार माणसांचं धान्य येतं. त्यातला बराचसा तांदूळ मी बाजारात देऊन ज्वारी घेते, कारण तुझ्या दादाला भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. शेवटच्या आठवड्यात जरा ओढाताण होते, पण ती कुणाला चुकली आहे? मी अजून तशीच धडधाकट आहे, सासूला आणि नवऱ्याला पुरून उरेन.

कळावे. आहे हा जिव्हाळा असाच राहू दे.

तुझी
वहिनी


ताडकळस
३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय वहिनी यांस,

सप्रेम जयभीम वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. त्याच्या आदल्या दिवशी मी दुकानात अंगठा द्यायला गेले होते. मशीन मला ओळखेना. दुकानदार म्हणाला, ताई, तुमचं नाव त्या कार्डावर न्हाईच. मी त्याच्याशी लय भांडले. दुसऱ्या दिवशी तुमचा दाखला हातात पडला आणि भांडण कुणाशी करायचं ते कळेना.

वहिनी, मला विचारायचं तरी होतं. रागावू नका, पण मी रागावले आहे.

दाखला घेऊन सम्यकाला कडेवर मारून मी कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी अर्ज घेतला, वागणूकही चांगली दिली. मग सांगितलं की तालुक्याला जेवढी माणसं ठरवून दिली आहेत तेवढी भरली. नाव कमी करायला काही अडत नाही, पण चढवायला जागा लागते. जागा झाली की घेऊ. कधी होईल ते त्यांनाही सांगता येईना. म्हणजे तुमच्याकडचे पाच किलो गेले आणि इकडे आले नाहीत. ते कुणाच्या घरात गेले देव जाणे.

सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, आता दोन्हीकडूनबी गेलं. त्यांचं काही खोटं नाही. चार माणसांच्या धान्यात आम्ही सहा जणं आहोत. मी शेवटी जेवते. कधी अर्धी भाकरी असते, कधी टोपल्याच्या तळचे तुकडे. मला दूध कमी यायला लागलं आहे. अंगणवाडीच्या तक्त्यावर या वेळी सम्यकाचं वजन पिवळ्याच्याही खाली, लालमध्ये गेलं. हे मी लिहिणार नव्हते, पण तुम्ही मला फसवू नको म्हणालात.

जमलं तर माझं नाव परत तुमच्या कार्डावर चढवा. निदान एका तरी घराला मिळू दे.

कळावे. राग पत्रातच ठेवा, मनात माया ठेवा.

तुमची
धम्मा


पोखर्णी
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय धम्मा हिस,

सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा राग रास्त आहे. मी दोनदा कचेरीत जाऊन आले. आमच्या तालुक्याचीही यादी भरली आहे. एकदा निघालेलं नाव आता नवं नाव झालं, आणि नव्या नावाने रांगेत उभं राहायचं. मी शहाणपणा करायला गेले आणि तुझं ताट पालथं घातलं. पिंकीने असं काही केलं असतं तर मी तिला चार शब्द सुनावले असते. मला सुनावणारं कुणी नाही, हे जास्त वाईट.

आता ऐक. बालाजी दर महिन्याला आपल्या गावची भाजी घेऊन टेम्पोने ताडकळसच्या बाजाराला येतो. त्याच्याबरोबर पाच किलो ज्वारीची पिशवी पाठवत आहे. सासूबाईंना सांग की माहेरच्या कार्डावर माझं नाव परत चढलं, हे माझ्या नावाचं धान्य आहे. खोटं बोलायला मी तुला शिकवते आहे, पण लेकरू लालमध्ये असताना खरंखोटं बघत बसायला मला वेळ नाही.

आम्ही उपाशी राहून पाठवतो असं मनात आणू नकोस. कल्पना तुझ्या दादाचीच. त्यांना गोळ्यांमुळे भाकरी जड पडते म्हणे. घशाखाली उतरत नाही, भातच बरा वाटतो. बाजारात जास्त तांदूळ देऊन कमी ज्वारी मिळते, म्हणून ह्यांच्यापुरता तांदूळ आता न्यायचा नाही. तो घरात ठेवायचा, आणि त्यातून वाचेल त्याची ज्वारी तुला. मला आधी खरं वाटेना. हे म्हणाले की आजारात जीभ बदलते, तू काय डॉक्टर हाईस का?

आईंनी पिशवीचं तोंड स्वतः शिवलं आहे. डोळ्यांना दिसत नाही तरी.

कळावे. प्रेम आहे, त्यात कसर करू नये.

तुझी
वहिनी


ताडकळस
२० मार्च २०२५

आदरणीय वहिनी यांस,

सप्रेम जयभीम वि. वि.

दोन्ही पिशव्या पोहोचल्या. पहिली आली तेव्हा सासूबाईंनी शेजारून तराजू आणून तोलली. बरोबर भरली. त्यांनी तिथंच शिवण उसवली, ज्वारी निवडली आणि संध्याकाळी मला पुरुषमाणसांच्या पाठोपाठ जेवायला बसवलं. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिसरी त्यांनी स्वतःहून वाढली, आणि माझे डोळे भरून आले. पोट भरलं म्हणून रडू येतं हे मला माहीत नव्हतं.

सासूबाई आता बाजाराच्या दिवसाची वाट बघतात. शेजारणींना सांगतात की सुनेचं धान्य सुरू झालं. एखाद्या महिन्यात पिशवी आली नाही तर काय होईल, या विचाराने मला धडकी भरते. मी तुम्हाला थांबा म्हणायला पाहिजे. पेन हातात घेतलं की सम्यका दिसते. ती पिवळ्यात आली, गालाला थोडं मांस धरलं, ताईंनी तिला कडेवर घेऊन सगळ्यांना दाखवलं. मला थांबा म्हणवत नाही. मला क्षमा करा.

दादा खरंच भात खातो? लहानपणी भात बघून रुसायचा तो. आईला विचारा.

कळावे. ऋण मोठं होत चाललंय, तरी लोभ कमी करू नका.

तुमची
धम्मा


पोखर्णी
२ एप्रिल २०२५

प्रिय धम्मा हिस,

सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

घाईत चारच ओळी. क्षमा वगैरे मागू नकोस, मला तसल्या शब्दांची सवय नाही. जयंतीला नक्की ये. विहारात जेवणाची पंगत आहे, आणि आईंना नात बघायची आहे.

तुझ्या दादाला भाताचं वेडच लागलंय. अंग मात्र भरत नाही. गोळ्या द्यायला येणाऱ्या आशाताई म्हणाल्या, वजन उतरलंय. उन्हाळा आहे, उतरतं, असं हे म्हणतात. उलटीचं आता रोजचंच झालंय. तू आलीस की त्यांना जरा दम दे, बहिणीचं ऐकतील.

कळावे. वाट बघायला लावू नये.

तुझी
वहिनी


ताडकळस
१९ एप्रिल २०२५

आदरणीय वहिनी यांस,

सप्रेम जयभीम वि. वि.

जयंतीला आले, आणि जे बघितलं ते तुमच्या तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. तुम्ही बायकांच्या पंगतीत वाढत होता, मी पुरुषांकडे भाकऱ्या घेऊन गेले. दादा तुमच्याकडे पाठ करून बसला होता. त्याने चार भाकऱ्या खाल्ल्या, वहिनी. नुसत्या ठेच्याबरोबर. जड पडली नाही, अडकली नाही. माझ्याकडे लक्ष गेलं तेव्हा तो शरमला, आणि म्हणाला की संघप्रियाला सांगू नको, भात गोळ्यांसकट उलटून पडतो, भाकरीवाचून काही पोटात राहत नाही, पण लेकराला ज्वारी पाहिजे, मला काय, अजून थोडे महिने काढायचे आहेत. त्याचे हात बघितलेत तुम्ही? मनगटावर दोरा बांधावा तर घसरेल असे झालेत.

मी घरी येऊन सगळ्यांसमोर खरं सांगितलं की कार्डावर माझं नाव नाही, हे आजारी भावाच्या ताटातलं होतं. मला वाटलं घर डोक्यावर घेतील. पण सासूबाईंनी उठून डब्यातली या महिन्याची ज्वारी पिशवीत ओतली आणि म्हणाल्या, आधीचं खाऊन बसलो, त्याला इलाज न्हाई, हे न्हेऊन दे. बालाजीबरोबर पाठवत आहे. दादाला तुमच्यासमोर बसवून खायला घाला.

इथं ताट पुन्हा पहिल्यासारखं झालं. सासूबाई माझ्याही नंतर जेवायला बसतात आणि त्यांच्या टोपल्यातही काही नसतं, हे मात्र मी आता पाहिलं. सोमवारपासून मी हळदीच्या कामाला जाणार आहे. सम्यका ताईंकडे राहील.

कळावे. दादाला सांभाळा, माझ्यावरची माया त्याच्यावर खर्च करा.

तुमची
धम्मा


पोखर्णी
६ मे २०२५

प्रिय धम्मा हिस,

सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र आणि पिशवी एकाच दिवशी आली. पत्र वाचून मी ह्यांच्याशी भांडले, तेही हसून. म्हणाले, बहीण चुगलखोर हाय. त्याच संध्याकाळी मी ज्वारी दळून आणली आणि ताज्या भाकऱ्या थापल्या. ह्यांनी दोन घास खाल्ले आणि खोकल्याची उबळ आली. रक्त पडलं. रातोरात परभणीला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले की गोळ्या बरोबर होत्या, पण निम्म्या उलटीवाटे गेल्या आणि अंगात काही शिल्लक नव्हतं. हे घरात काय खात होते ते त्यांनी मला विचारलं. नवऱ्याच्या ताटात काय पडतं हे बायकोला ठाऊक असायला हवं. मी भात म्हणाले. मला ह्यांचा राग येतो, धम्मा, तुझाही येतो, आणि सगळ्यांत जास्त त्या दिवशी कचेरीत झटपट काम झालं म्हणून खूश होऊन घरी आलेल्या माझा येतो.

काल त्यांना घरी सोडलं. घरी न्या म्हणाले, म्हणजे काय ते तुला कळेल. पीठ डब्यात तसंच आहे. मी रोज एक भाकरी करते, दुधात कुस्करून बोटाने तोंडाला लावते. ते माझं मन राखायला तोंड उघडतात. पण आता त्यांच्या घशाखाली भाकरी खरंच उतरत नाही.

कामाचा खाडा झाला तरी चालेल, सम्यकाला घेऊन लवकर ये.

तुझी
वहिनी