हेल्मीबाईंनी ठेवलेलं नाव

मिशिगनचं वरचं टोक,
फेब्रुवारी २००५

प्रिय पद्मे,

आशीर्वाद द्यावेत तर तू माझ्याहून मोठी, म्हणून नुसताच नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? (तुमच्या आयसेलिनला पावलापावलावर देशी दुकानं आणि कढीपत्ता मिळत असताना तो दुखायचं खरं तर कारण नाही.) इकडे आमचा देवदत्त, सूनबाई कादंबरी आणि नात मजेत. बारसंही थाटात झालं. बर्फामुळे तुमच्या राधिकाचं विमान कॅन्सल झालं, याचं तिने मुळीच वाईट वाटून घेऊ नये.

सिस्टर फिलोमिनांच्या तासाला आपण अमेरिकेची पाच सरोवरं काढायचो, आठवतं? सगळ्यांत मोठ्या सरोवराखाली जमिनीची एक लांबट जीभ असायची. ती मी दरवेळी विसरायची आणि हातावर पट्टी खायची. देवाने ते लक्षात ठेवलं. देवदत्तला नेमकी त्याच जिभेवरच्या कॉलेजात नोकरी मिळाली.

थोडा इतिहास सांगते (तू पेंगशील, तेव्हाही पेंगायचीस). मिशिगनचं आणि ओहायोचं टोलीडो गावावरून भांडण झालं. टोलीडो ओहायोला गेलं आणि मिशिगनच्या पदरात हा उत्तरेचा तुकडा पडला. आपल्याकडे वाटणीत थोरल्याला रस्त्यावरचं घर आणि धाकट्याला डोंगरापलीकडचं रान मिळतं ना, अगदी तसंच. धाकट्याने बरीच कुरकुर केली, आणि मग रानातच तांबं आणि लोखंड निघालं! खाणींसाठी पार फिनलंडहून माणसं आली. पुढे बऱ्याचशा खाणी बंद पडल्या, माणसं पांगली. राहिली हरणं, बर्फ आणि हेल्मीबाई.

हेल्मीबाई आमच्या शेजारी, म्हणजे गाडीने वीस मिनिटांवर. त्यांचे आजोबा खाणीत होते. आता बाई या कौंटीचं छोटंसं म्युझियम चालवतात. पाळण्याखालून-वरून बाळ द्यायला-घ्यायला बायका हव्यात, म्हणून मी रीतीप्रमाणे घरोघर कुंकू घेऊन बोलावणं करायला निघाले. पुण्यात हे काम चपला न झिजवता व्हायचं. इथे देवदत्तच्या गाडीचं पेट्रोल संपत आलं तेव्हा कुठे पाच घरं झाली. हेल्मीबाईंना कुंकवाची पुडी दिली, त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, "ब्यूटिफुल" म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी म्युझियममध्ये लोहखनिजाच्या नमुन्यांत मांडली! आपलं कुंकू एरवी कुठल्या जिल्ह्याच्या इतिहासात गेलं असतं?

तरी पाचही जणी आल्या. पाळणा मी एकटीनेच म्हटला, त्या बुटांनी ताल धरत होत्या. नाव आत्याने ठेवायचं. देवदत्तला सख्खी बहीण नाही, लहानपणापासून राखी बांधते ती तुझी लेक राधिकाच. तिने नाव मनात ठरवून गुपित ठेवलेलं, आणि वादळात आमचा फोन बंद! म्हणून वयाने मोठ्या हेल्मीबाईंना आत्या केलं. बाळाच्या कानात सुचेल ते नाव सांगा, म्हटलं. त्या बराच वेळ कुजबुजल्या. मग सगळ्यांनी विचारलं, काय नाव?

"कानात सांगितलेलं कुणाला सांगायचं नसतं," हेल्मीबाई म्हणाल्या आणि लाडू खायला बसल्या.

बाळ मात्र सारखं हसतं. त्याला माहीत आहे ना!

बाकी सर्व कुशल. यायची धावपळ करू नका, रस्ते निसरडे आहेत.

तुझी,
सुलभा

ता. क. : रस्ते तेवढे काही निसरडे नाहीत. राधिकाला पहिल्या विमानाने पाठव. तिने ठरवलेलं नाव कुठलंही असो, चालेल. फोनवर बोलले नाही, कारण फोन स्वयंपाकघरात आहे आणि कादंबरीही तिथेच असते.

आणखी एक : काल हेल्मीबाईंनी सांगून टाकलं. त्यांना आपल्याकडचं बाईचं एकच नाव येतं, तेच त्यांनी ठेवलं. सुलभा! तेव्हापासून कादंबरी माझ्याशी फक्त "मीठ द्या" एवढंच बोलते. तिला वाटतं, मीच पढवलं. पद्मे, तुझी शपथ, मी काही सुचवलं नव्हतं. आदल्या दिवशी उच्चार तेवढा घोटून घेतला होता.