बारा बुधवारांचे डबे

प्रति,
मा. न्यायाधीश महोदया,
मृत्युपत्र व वारसा शाखा,
टर्लो काउंटी न्यायालय,
मु. टर्लो सेंटर, नेब्रास्का.

अर्जदार : ओटो सेडिव्ही, भूगोल शिक्षक, रा. टर्लो सेंटर.

विषय : मयत लुड्मिला सेडिव्ही यांच्या फ्रीजरमधील बारा डब्यांपैकी एक डबा अर्जदाराने खाल्ल्याची कबुली व उरलेल्या अकरा डब्यांबाबत विनंती.

संदर्भ : १) मिळकत प्रकरण क्र. १७. २) आपला दि. ९ मेचा आदेश. ३) माझे यापूर्वीचे चार अर्ज, ज्यांची पोच मिळाली आहे.

महोदया,

१. मयत लुड्मिला ही माझी थोरली बहीण. येथील शाळेत ती एकतीस वर्षे स्वयंपाकीण होती. मी एकटा राहतो व दर बुधवारी तिच्याकडे जेवत असे. यंदा २७ फेब्रुवारीला तिच्या हृदयाचे ऑपरेशन ठरले. त्यानंतर बारा आठवडे ओझे उचलायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. पातेले हे ओझ्यात धरतात का, असे तिने विचारले. धरतात, असे उत्तर मिळाले. म्हणून जाण्याआधी तिने बारा डबे शिजवून फ्रीजरमध्ये ठेवले आणि प्रत्येक झाकणावर कागदी टेप लावून आपल्या अक्षरात लिहिले : “ओटोसाठी, १ मार्च”, “ओटोसाठी, ८ मार्च”, असे थेट १७ मेपर्यंत. २८ फेब्रुवारीला ती इस्पितळातच वारली. पहिला बुधवार दुसऱ्याच दिवशी होता, पण तोवर डबे मिळकतीत जमा झाले होते.

२. तिच्या मृत्युपत्राप्रमाणे घर व घरातील सर्व वस्तू आम्हा दोघा भावांना समान आहेत आणि व्यवस्थापक मी आहे. दुसरा भाऊ मार्विन ॲरिझोनात असतो. नऊ वर्षांत तो इकडे आलेला नाही. दफनाला निघाला होता, पण बर्फामुळे विमान रद्द झाले. वस्तूंच्या यादीत मी डब्यांची नोंद “किरकोळ खाद्यपदार्थ” अशी केली, त्यावर त्याने लेखी हरकत घेतली. फोनवर तो म्हणाला, “अरे, चाळीस वर्षं दर बुधवारी तिच्या हातचं खाल्लंस तू. त्याची यादी कुठाय?” ती यादी मजकडे नव्हती. तेव्हा ९ मे रोजी आपण आदेश काढलात, की वाटणी होईपर्यंत घरातील कोणतीही वस्तू हलवू, विकू वा खाऊ नये. त्यातले “वा खाऊ” हे शब्द नंतर पेनाने वाढवलेले आहेत.

३. आपल्या न्यायालयात न्यायाधीश महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, हे आपणांस ठाऊकच आहे. १४ मार्चला आलेले न्यायाधीश याच शाळेत शिकलेले. बारा वर्षे तिच्या हातचे खाल्ल्याने आपण या प्रकरणात तटस्थ नाही, असे नोंदवून ते बाजूला झाले. ११ एप्रिलला शेजारच्या काउंटीचे न्यायाधीश आले. त्यांनी हरकतीनंतर केलेली तपशीलवार यादी वाचली, “शेपूच्या रश्श्यातले पिठाचे गोळे” या ओळीवर थांबले, आणि आमच्या शाळेत झालेल्या आंतरशालेय धावण्याच्या स्पर्धेत आपण ते दोनदा मागून घेतल्याचे उघड्या न्यायालयात सांगून तेही बाजूला झाले. आपण राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या. आपण येथील काहीच खाल्लेले नाही, ही आपली या प्रकरणातील पात्रता आहे.

४. मूल्यांकनासाठी हितसंबंध नसलेला माणूस शोधण्यात पाच आठवडे गेले. अखेर पवनचक्क्यांच्या कामावर नुकताच आलेला एक टेक्सासचा मेकॅनिक सापडला. त्याने फ्रीजर उघडला, डबे मोजले, टोपी काढली आणि “डबे बारा, बाजारभाव शून्य” असे लिहून दिले. शून्याचे दोन समान भाग करण्यासही मार्विनची हरकत आहे.

५. ९ मे रोजी मी निवेदन केले, की झाकणांवरील मजकूर हे मयताचे स्वहस्ताक्षरातील मृत्युपत्रच समजावे : अक्षर तिचे, तारीख आहे, कोणाला काय द्यायचे तेही आहे. आपण ते लक्षपूर्वक ऐकलेत. सही नाही, म्हणून ते आपण फेटाळलेत. निकाल कायद्याला धरून आहे. लेखनिक जोलीन क्रुपा ही माझी विद्यार्थिनी. ती मला बाहेर म्हणाली, “सर, स्वयंपाकावर सही कोण करतं हो? पण तुम्हीच नकाशावर दिशेचा बाण नसला की शून्य देत होतात.” हे खरे आहे.

६. घराचे वीजखाते मयताच्या नावे आहे. ते बदलण्यास मला न्यायालयाचे अधिकारपत्र लागते. ते तयार झाले, परंतु पहिल्या न्यायाधीशांच्या नावाच्या फॉर्मवर. चूक लक्षात आली तेव्हा आपण निघून गेला होतात आणि पुढील तारीख १३ जून. वीजमंडळाला मी हे समजावून सांगितले. त्यांना समजले. मग त्यांनी १७ मे रोजी दुपारी दोन वाजता वीज तोडली.

७. तो बुधवार होता, झाकणांवरचा शेवटचा. मी बर्फ आणून सगळे डबे पेट्यांत भरले आणि पेट्या स्वयंपाकघरातच ठेवल्या, म्हणजे वस्तू हलवल्याचा ठपका येऊ नये. “१७ मे”चा डबा सर्वांत वर होता व कडेने वितळू लागला होता. साडेपाच वाजता मी तो तिच्या गॅसवर गरम केला व तिच्या टेबलावर बसून खाल्ला. शेपूच्या रश्श्यातले गोळे. मीठ कमी होते. ते नेहमीच कमी असे, व मी ते दर बुधवारी तिला सांगत असे. या वेळी मी वरून मीठ घेतले नाही. काही वाटले का, असे जोलीनने विचारले. पोट भरले, एवढेच नोंदवता येते.

८. त्यानंतर मी डबा धुतला. तळाचे हिम निघाले तेव्हा खाली टेपची दुसरी पट्टी दिसली. तिच्यावर तिच्याच अक्षरात : “डबा परत करणे. लुड्मिला सेडिव्ही.” पूर्ण नाव, खाली रेघ मारून. मग मी उरलेले अकरा डबे उलटे करून पाहिले. अकरांवरही आहे. मोजदाद करताना मी, लेखनिक व मेकॅनिक, तिघांनीही डबे वरूनच मोजले होते. आपल्या माहितीसाठी : येथे घरच्या डब्याला कोणी नाव घालत नाही. नाव घालतात ते दुसऱ्याच्या घरी दिलेल्या डब्याला, तो परत यावा म्हणून. म्हणजे तिच्या लेखी हे डबे फेब्रुवारीतच घराबाहेर गेले होते.

९. सही सापडल्याचे मी मार्विनला त्याच संध्याकाळी कळवले. तो म्हणाला, “बघ ना नीट. माझ्या नावाचा एकही नाही?” मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, “बरं.” मग मीठ कमी होते का, असे विचारले. मी हो म्हणालो. हरकत मागे घेत असल्याचे त्याचे फॅक्सने आलेले पत्र सोबत आहे. तो येत्या बुधवारी येत आहे.

१०. तरी विनंती, की (अ) आदेशभंगाबद्दल योग्य ती शिक्षा मला व्हावी; (आ) अकरा डबे सहीनिशी माझे ठरवावेत; (इ) १३ जूनपर्यंत बर्फ टिकणार नाही, म्हणून येत्या बुधवारी त्यांतले दोन ताटांत वाढण्याची परवानगी आधीच मिळावी. रिकामा डबा पुरावा म्हणून जोडला आहे. काम झाल्यावर तो मला मिळावा, कारण तो परत करायचा आहे. कोणाकडे, हे न्यायालयाने कळवावे.

आपला नम्र, व अद्याप अधिकारपत्र नसलेला व्यवस्थापक,
ओटो सेडिव्ही
दि. १८ मे

सोबत : १) मार्विन सेडिव्ही यांचे पत्र. २) अकरा डब्यांच्या तळांची छायाचित्रे. ३) डबा एक, झाकणासह, धुतलेला.