टेकडी रेकॉर्डवर आणली

३ जानेवारी
गच्चीवरून पाहिलं. टेकडीच्या पायथ्याशी दोन क्रेन उभ्या. शहर वाढत वाढत इथवर आलं. नव्या विकास आराखड्यात टेकडी हिरव्या पट्ट्यातून काढून रहिवासी करणार म्हणे. लोकांच्या हरकती ऐकायला सुनावणी आहे, पण ती नोव्हेंबरात. म्हणजे वेळच वेळ.
संध्याकाळी टेकडी बचाव समिती स्थापन केली. अध्यक्ष मी. पाणीपुरवठा खात्याचा तक्रार विभाग निवृत्तीपर्यंत सांभाळला आहे. ऑफिस आतून कसं हलतं हे आमच्या कॉलनीत दुसऱ्या कोणाला माहीत आहे? सदस्य दोन : समोरचे दाताचे डॉक्टर आणि शेजारच्या रिटायर्ड मुख्याध्यापिका. त्यांना सगळे मॅडमच म्हणतात.
संकल्प : उद्यापासून रोज पहाटे टेकडी. सेनापतीला रणभूमी ठाऊक हवी.

४ जानेवारी
गजर झाला नाही. झाला आणि मीच बंद केला, असं हिचं म्हणणं. ही मात्र गेली. रोज जाते, आमची मुलगी शाळेत होती तेव्हापासून. एकटी. ना समिती, ना अजेंडा.

९ जानेवारी
पहिली मीटिंग. डॉक्टरांचा आग्रह, सरळ लिहून देऊ की टेकडी आहे तशी राहू द्या. मला हसू आवरेना. ज्यात ऑफिसने काहीच करायचं नाही असा अर्ज कोणत्या टेबलावर जाणार? आमच्याकडे तो थेट कपाटात जायचा. ऑफिसकडे काहीतरी मागावं लागतं. मागितलं की फाइल उघडते, फाइलला नंबर पडतो आणि नंबर पडला की ती वस्तू आहे असं सरकार मानतं. तेव्हा आधी छोट्या छोट्या मागण्या करून टेकडी रेकॉर्डवर आणायची. मग तिला हात लावायची कोणाची टाप आहे?
मॅडमनी विचारलं, टेकडी आत्ता नाहीये का? शाळेत असंच उलट विचारायची सवय लागते माणसाला.
ठरलं. सुरुवात बाकांपासून.

२२ फेब्रुवारी
चार बाकं मंजूर! फॉलोअप, फॉलोअप आणि फॉलोअप. डॉक्टर म्हणाले, मानलं तुम्हाला.
उद्या स्वतः वर जाऊन जागा दाखवणार होतो. गुडघा कुरकुरतोय. नकाशावर टिंबं काढून दिली.

१७ मार्च
बाकं पायथ्याशीच पडून. वर न्यायची कशी, असं ठेकेदार विचारतोय. ट्रक चढत नाही. हा प्रश्न मला आधीच दिसत होता, बोललो नव्हतो इतकंच. रस्त्याचा अर्ज टाकला. साधा, कच्चा. टेकडीप्रेमींच्या सोयीसाठी.
हिला सांगितलं. भाजी निवडत होती. रस्ता कशाला, म्हणाली. बाकांसाठी, मी म्हटलं. बाकं कशाला, म्हणाली. हिला प्रशासन समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

३० मे
रस्ता झाला. कच्चा मागितला होता, डांबरी मिळाला. साहेब म्हणाले, बजेट उरलं होतं. याला म्हणतात वजन.
बाकं बसली. संध्याकाळी गर्दी होते, असं कळलं. गर्दी म्हणजे जनआंदोलनच.

१८ जून
गर्दी झाली की अंधार खटकतो. दिव्यांचा अर्ज केला. माणसं आली की त्यांना तहान लागते. नळाचा अर्ज. आणि पाणी प्यायलं की पुढचं आलंच. स्वच्छतागृह, त्याला ड्रेनेज. पाणी म्हणजे तर माझं माहेर. नऊ इंची पाइप कुठून फिरवायचा ते इंजिनिअरला मी सांगितलं. पोरगा टिपून घेत होता.
दमलो आहे. दुपारी झोप अनावर. चळवळ माणसाला आतून पोखरते.
उद्यापासून पहाटे टेकडी. आता रस्ताही आहे.

१९ जून
पाऊस होता. दुपारी.

५ ऑगस्ट
ही लवकर परत येऊ लागली आहे. कारण विचारलं. वर गाड्या येतात, लोक गाणी लावतात, दिव्यामुळे पाखरं रात्रभर ओरडतात, ती आता मागच्या बाजूच्या खडकावर जाऊन बसते वगैरे. मी सहज विचारलं, तिथे करतेस काय इतकी वर्षं? काही नाही, म्हणाली. दिवसभरात तेवढाच एक तास मी कोणाची कोणी नसते. तो तास आहे म्हणून बाकीचे निभतात.
असं काही ही पूर्वी बोलली नव्हती. मला कसंसंच झालं. मागच्या बाजूलाही एक बाक मागावं का, असं मनात आलं. हिला सरप्राइज.

२६ ऑगस्ट
मागच्या बाजूला बाक आणि दिवा बसला. हिने आभार मानले नाहीत. स्वभाव.

१२ नोव्हेंबर
सुनावणी. इस्त्रीचा शर्ट, फाइल दोन हातांत मावेना. नगररचनेचे साहेब तरुण, पण अदबशीर. त्यांनी विचारलं, टेकडीवर रस्ता आहे का? मी ताडकन उठलो, डांबरी आहे म्हणून सांगितलं. वीज? बारा खांब. पाणी? नऊ इंची लाइन, चोवीस तास प्रेशर. ड्रेनेज? जोडलेलं. प्रत्येक उत्तराला मंजुरीचा नंबर. तोंडपाठ! साहेब शेजारच्या क्लार्कला लिहून घ्या म्हणत होते. मॅडम मागून माझा शर्ट ओढत होत्या. मला वाटलं, कौतुकाने.
मग साहेब म्हणाले की सगळ्या नागरी सुविधा असलेल्या जागेला नैसर्गिक टेकडी कसं म्हणणार? ती विकसितच झाली आहे. रहिवासी पट्ट्याला योग्य. हरकत घ्यायला येऊन इतकी चोख माहिती देणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला, असंही म्हणाले. हात मिळवला.
फाटकापर्यंत मी खुशीतच होतो.

१३ नोव्हेंबर
मॅडमनी राजीनामा दिला. हात दाखवून अवलक्षण, एवढंच म्हणाल्या. डॉक्टर दवाखान्यात गर्दी असल्याचं सांगतात. खिडकीतून दिसतं, खुर्ची रिकामी आहे.
हा पराभव तांत्रिक आहे. अपील करता येईल. मुद्दे काढायला बसलो, दोन ओळींवर डुलकी लागली.
हिला काय झालं ते सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, गॅस बंद केला आणि आत जाऊन पडली. भर दुपारी हिला पडलेलं मी कधी पाहिलं नाही. दाराशी दोनदा जाऊन आलो.

२ डिसेंबर
मुलीचा फोन. बाबा, तुम्ही काही न करता नुसते झोपून राहिला असतात तर? म्हटलं, तुला सिस्टिम कळत नाही. तिने फोन आईला द्यायला सांगितला. दोघी बराच वेळ बोलत होत्या. मी हॉलमध्ये टीव्हीचा आवाज कमी करून बसलो, तरी काही ऐकू आलं नाही.

१४ मार्च
ही आपणहून म्हणाली, एकदा बघून येऊ. गाडीने गेलो. रस्ता उत्तम, एक खड्डा नाही. वर पत्र्याचं कुंपण. फ्लॅट बघायला आलात का, वॉचमनने विचारलं. नाहीतर आत सोडणार नव्हता. हो म्हणालो. दोघांना पिवळी हेल्मेट मिळाली.
सेल्समधल्या मुलीने माहिती दिली. रस्ता, लाइट, पाणी, ड्रेनेज सगळं तयार, दुसऱ्या प्रोजेक्टला यात वर्षं जातात. खरं लिहितो, छाती फुगली. हे कोणी आणलं ते सांगायला तोंड उघडणार, तोच हिने माझा हात घट्ट दाबला. मागचा खडक सुरुंगाने फोडलेला. ही त्या खड्ड्याच्या काठाशी जाऊन उभी राहिली. हेल्मेट तिला मोठं होत होतं, सारखं कपाळावर येत होतं. मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.


२९ मार्च
ही पुन्हा पहाटे जाऊ लागली आहे. दोन बस बदलून जाते म्हणे. म्हणजे लांब कुठेतरी दुसरी टेकडी सापडलेली दिसते. चेहऱ्यावर जरा रंग आलाय.
आज चहा घेताना विचारलं, कोणती टेकडी? सांगेना. अगं नवऱ्याला सांगायला काय हरकत आहे, म्हटलं. तर म्हणाली, नको. सांगितलं तर तुम्ही ती वाचवायला जाल.
मला वाटलं चेष्टा करतेय. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलो. ती हसत नव्हती.