आजीचं 'ने'

आर्गोस, ग्रीस
१४ नोव्हेंबर १९९९

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

भाजलेल्या मिरच्यांची चटणी बसवाल्याकडून पोचली. अर्धी बरणी मी उभ्या उभ्याच फस्त केली, पाव कापायचाही धीर नव्हता. इथे संत्र्यांची तोडणी जोरात आहे, बोटांचा वास काही केल्या जात नाही.

आता जड गोष्ट लिहिते. दारिनाच्या शाळेतून बोलावणं आलं होतं. तिकडे आपल्या लोमच्या शाळेत गणितात सगळ्यांच्या पुढे असणारी आपली पोर, इथे फळ्यापाशी मुकी होते. अर्गिरोबाई म्हणाल्या, समजलं का विचारलं की दरवेळी समजलं म्हणते आणि येत तर काहीच नाही, मुलगी खोटं बोलते. नाताळपर्यंत सुधारली नाही तर चौथीतून दुसरीत बसवणार आहेत. घरी विचारलं तर हुंदके देत सांगते, की मी रोज नाही म्हणते, बाई हसतात आणि पुढे जातात. कुणाचं खरं मानू? मी तिच्यावर खूप ओरडले. सप्टेंबरात हौसेने आणलं तिला, आता वाटतं परत तुझ्याकडेच पाठवावं. आधी दोन वर्षं तिच्याविना काढलीच होती मी.

तुझ्या आशीर्वादाची भुकेली,
रालित्सा

लोम, बल्गेरिया
२५ नोव्हेंबर

चि. रालित्सास,
अनेक आशीर्वाद.

पाठव म्हणायला जीभ नुसती शिवशिवते बघ. तिची खाट मी अजून हलवलेली नाही, मांजर झोपतं तिच्यावर. डॅन्यूबवरून वारा सुटला की हे घर खायला उठतं. पण माझ्या सोबतीसाठी पोरीला आईपासून तोडू होय? एवढी दुष्ट म्हातारी मी नाही.

आणि ऐक, माझी नात खोटारडी नाही. दूध सांडलं तर मांजरावर न ढकलता स्वतः येऊन सांगणारी ती! आता त्या बाई तरी कशाला उगाच खोटं बोलतील? दोघी खऱ्या असतील तर घोटाळा मधेच कुठेतरी आहे. तू ग्रीक बोलतेस ना फडाफडा? मग एक दिवस राहू देत संत्री झाडावर. वर्गात मागच्या बाकावर जाऊन बस आणि कान देऊन ऐक. पोरीवर ओरडू नकोस.

दारिनाला सांग, तिथे रमलीस की आजीला विसरशील, मला पक्कं ठाऊक आहे. लवकर कळव, जीव टांगणीला लागलाय.

तुझी माया करणारी,
आई

आर्गोस
५ डिसेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

अगं आई, हसू की रडू! गेले, मागे बसले. बाईंनी अपूर्णांक शिकवले आणि दारिनाला विचारलं, समजलं का. पोरगी घाबरून पुटपुटली, 'ने'. झालं, बाई खूश होऊन पुढे! आपलं 'ने' म्हणजे नाही आणि यांचं 'ने' म्हणजे हो! बाजारात ती कधी चुकत नाही गं, पण भीती वाटली की आपलीच भाषा तोंडात येते. मी भर वर्गात खो खो हसले आणि मग रडत सुटले. बाईंना सांगितलं तर त्यांनी दारिनापुढे खाली बसून तिची माफी मागितली.

आता शाळा सुटल्यावर रोज तिला घेऊन बसतात. दुसरीत बसवायचं नाव नाही. मी कृतज्ञतेने पिशवीभर संत्री दिली, तर म्हणाल्या, आर्गोसात संत्री कुणाला देतेस बाई? तेव्हा तुझ्या चटणीची एक बरणी त्यांच्या नावाने पाठव.

तू बस म्हणालीस म्हणून बसले. नाहीतर पोटच्या पोरीला खोटारडी ठरवून बसमध्ये बसवलं असतं मी. तुझे उपकार कसे फेडू?

तुझीच,
रालित्सा

आर्गोस
२ मार्च २०००

ती. आजीस,
दारिनाचा गोड नमस्कार.

तू पाठवलेला लाल-पांढरा दोरा काल बांधला. गंमत म्हणजे बाईंच्याही मनगटावर तसाच होता! इथेही वसंताच्या स्वागताला एक मार्चला बांधतात.

आता बाई समजलं का विचारतात आणि लगेच म्हणतात, आजीचं 'ने' की माझं? सगळा वर्ग हसतो, मीपण. काल मी बाईंचं 'ने' म्हणाले आणि फळ्यावर जाऊन सगळं बरोबर सोडवलं. चटणी बाईंना फार तिखट लागली, तरी बरणी परत दिली नाही.

मांजराला माझ्या खाटेवरून उठव, जूनमध्ये येते. तू म्हणाली होतीस, रमले की तुला विसरेन. मी रमले, आजी, खरंच. पण विसरले का?

'ने'. हे तुझं.

तुझी लाडकी,
दारिना