पाळण्यातली रिकामी जागा

३ मे, शनिवार

प्रार्थनेची घंटा संपलेली असायची आणि मी अजून जिन्यावर धापा टाकत असायचे. वर्गात सिस्टर हजेरी घेत. माझं नाव आलं की मागच्या बाकावरून प्रेमलता हुबेहूब माझ्या आवाजात ‘प्रेझेंट, सिस्टर’ म्हणायची. मी दारात पोहोचेपर्यंत माझी हजेरी लागलेली असे. आज स्टेशनवरून ऑटोने येताना सदरमधली शाळेची भिंत दिसली आणि मी एकटीच हसले. ऑटोवाल्याने आरशातून पाहिलं.

इतक्या वर्षांनी पुन्हा नागपूर. जरीपटक्यात महादेवरावांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला आहे. ते खाली एकटेच राहतात. कळमन्याला त्यांची आंब्याची आडत होती, ती आता पुतण्या बघतो. किल्ली देताना म्हणाले, बाई, पाणी सकाळीच भरून ठेवत जा, अन् कूलरले वाळा नवा लावला हाय, दुपारी मस्त झोपा. वर टोपलीभर आंबेही दिले. नकार दिला तेव्हा म्हणाले, आंब्याले नाही म्हणणारा माणूस मी अजून पाह्यला नाही.

मागच्या खोलीत धर्मेंद्र राहतो. लग्नांचे व्हिडिओ करतो. त्याच्याशी ओळख झाली हे बरंच झालं, कारण माझं काम त्याच्याच धंद्यातलं आहे.

प्रेमलता गेल्या वर्षी उमरेडला वारली. तिच्या मिनलला आता मुलगा झाला आहे. पुढच्या रविवारी बारसं. मिनलकडे आईचे फोटो पुष्कळ आहेत, आवाज मात्र कुठेच नाही. तो माझ्याकडे आहे. होस्टेलच्या खोलीत दुपारी भरलेली एक कॅसेट, त्यात प्रेमलता तिच्या घरचा पाळणा म्हणते. त्यावर फोटो लावून व्हिडिओ करायचा आणि बारशाला वाजवायचा, असं मी मिनलला कबूल केलं आहे. ती फोनवर नुसती रडत होती.

५ मे, सोमवार

धर्मेंद्रने कॅसेटमधला आवाज लॅपटॉपवर घेतला आणि मला फोटो लावायला शिकवलं. शेवटचं एक्सपोर्टचं पान परीक्षेच्या पेपरसारखं दिसतं. आवाज कसा हवा, एकशेअठ्ठावीस की तीनशेवीस, मोनो की स्टीरिओ, की अनकॉम्प्रेस्ड. मी विचारलं, फरक काय. तो म्हणाला, काकू, छोट्या सेटिंगमध्ये कॉम्प्युटर कानाले न लागणारं सगळं फेकून देते. अनकॉम्प्रेस्ड म्हणजे काहीच फेकत नाही. पण तुमची कॅसेट मोनो हाय, दोन्ही कानांत एकच आवाज, काहून एवढी मोठी फाइल करून राहिल्या?

प्रेमलताचं काहीही फेकून द्यायचं नव्हतं, म्हणून. पण आज त्याचं ऐकलं आणि एकशेअठ्ठावीसवर काढून पाहिलं. सुरेख आलं. तिचा घसा किंचित बसलेला आहे, मागे पंखा करकरतो आहे.

पाळण्यात एक जागा रिकामी आहे. ‘आत्याबाई आली, कानाशी वाकली, नाव सांगितलं’ इथे ती थांबते. त्यांच्या घरची ती रीत. गाणारीने नाव घ्यायचं नाही, थांबायचं. तेवढ्यात आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं. जागा रिकामी ठेवून कधीही गाऊ नये, असं तिची आई सांगायची. आम्ही होस्टेलमध्ये दोघीच होतो, ना बाळ ना आत्या. मी रेकॉर्डरचं बटण दाबलं, ती गायली, थांबली, पुढे गायली. आम्हाला नुसता आवाज धरून ठेवायचा होता.

७ मे, बुधवार

सकाळी तीनशेवीसवर काढलं. गाणं जास्त जवळ आलं. पण रिकाम्या जागेत श्वास घेतल्यासारखं वाटलं. प्रेमलताचाच असेल म्हणून कूलर बंद केला, हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. तिचा श्वास दोन्ही कानांत सारखा येतो. हा फक्त डाव्या कानात येत होता. मोनो कॅसेटमध्ये असं होत नाही, हे धर्मेंद्रनेच सांगितलं होतं.

मग दुपारी अनकॉम्प्रेस्ड काढलं आणि स्पीकरवर लावलं, खिडक्या उघड्याच होत्या. प्रेमलता थांबली आणि त्या जागेत कुणीतरी म्हणालं, म्हादबा. बाईचा आवाज. म्हातारीचा म्हणावा तर नाही, तरुण म्हणावा तर नाही. ज्याला बोलवायचं त्याच्या अगदी कानाशी वाकून बोलल्यासारखा.

खालून लगेच महादेवरावांनी ओ दिली. आलो वं माय, आलो. चपला फटफटत फाटकापर्यंत गेले. टळटळीत ऊन होतं आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी गच्चीतून विचारलं तेव्हा जरा लाजले. म्हणाले, मले वाटलं माय बोलावून राहिली. म्हादबा मले तीच म्हणे, दुसऱ्या कोणाले ते नाव माहीत नाही. मग म्हणाले, बाई, उन्हानं डोकं फिरलं माझं, तुम्ही हसा खुशाल.

मला हसता आलं नाही.

८ मे, गुरुवार

महादेवराव गेले. दुपारचं जेवण झाल्यावर आरामखुर्चीत बसले होते, तसेच गेले. पुतण्या म्हणाला, झोपेतच गेले, सुख लागलं. पण चेहरा झोपलेल्या माणसाचा नव्हता. मान डावीकडे कललेली होती. कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी.

संध्याकाळी धर्मेंद्र घाटावरून आला आणि कढत पाण्याचा तांब्या मागायला वर आला. मी त्याला त्या जागेबद्दल सांगितलं. त्याने फाइल ऐकली आणि म्हणाला, काकू, इथं तर काहीच नाही, नुसती शांतता हाय. त्याचं नाव तिथे नव्हतं, म्हणून असेल.

९ मे, शुक्रवार

मिनलचा फोन आला. नाव ठरलंय, म्हणाली, पण कोणाला सांगू नकोस मावशी, सासूबाईंनाही माहीत नाही. मग अगदी हळू आवाजात सांगितलं. ऋषी.

फोन ठेवल्यावर मी ती जागा म्यूट केली. आवाजाची रेघ तिथे सपाट झाली, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. मग पुन्हा एक्सपोर्ट केलं.

ऋषी.

मी लॅपटॉप मिटला. आवाज थांबायला थोडा वेळ लागला.

मिनलला फोन करून म्हटलं, पाळणा नको वाजवूस, कॅसेट खराब निघाली. ती म्हणाली, तू नंबर दिलास त्या धर्मेंद्रशी मी बोलले, तो तर म्हणतो फाइल मस्त झाली आहे, तो रविवारी सकाळी आणणार आहे, हॉलमध्ये मोठे स्पीकर सांगितलेत. मी म्हटलं, तरी नको. ती म्हणाली, मावशी, बाळाला आईचा आवाज एकदा तरी ऐकू दे ना. मागे बाळ कुरकुरत होतं. तान्हं मूल ओ देत नाही. पण कानाशी कुणी बोललं की हुंकार देतं. सगळी देतात.

१० मे, शनिवार

एकशेअठ्ठावीसवर पुन्हा काढलं. जागा शांत. पण डाव्या कानावर ऊब लागते. फेकून दिलेलं कुठे जातं, हे धर्मेंद्रला विचारायचं राहिलं.

दुपारी सुचलं. जागा रिकामी ठेवून गाऊ नये. आम्हीच ठेवली होती.

माइक जोडला. प्रेमलता थांबते तिथे, आत्यासारखी वाकून, माझंच नाव सांगितलं. मधुवंती. अनकॉम्प्रेस्ड काढलं. काही फेकायचं नाही.

ऐकलं. माझाच आवाज. दुसरं कुणी नाही. रडूच आलं मला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून माझं नाव ऐकू आलं. लॅपटॉप बंद होता.

मी ओ दिली नाही. तोंडात पदर कोंबून बसले.

संध्याकाळी फाइल पुन्हा लावली. माझ्या नावाच्या खाली, खूप खोल, ऋषी. मी गप्प राहिले म्हणून. नाव भरून भागत नाही. जी बोलावते तिला ओ हवी आहे—

११ मे, रविवार

रात्रभर बसून होते. फटफटल्यापासून ती जिन्यात आहे. पाळण्याची तीच ओळ म्हणते, थांबते, मग माझं नाव घेते. प्रेमलताचा आवाज नाही हा. प्रेमलताच्या मागे त्या दुपारी खोलीत जी कुणी होती, तिचा.

धर्मेंद्र आठला येईल. त्याआधी लिहून ठेवते.

धर्मेंद्र, तुझ्या कॉम्प्युटरवर माझी जुनी फाइल असेल ती पूस. ऐकू नकोस. टेबलावर पांढरा पेन ड्राइव्ह आहे, माझं नाव असलेली फाइल. फक्त तो मिनलला दे, मी ओ दिल्यावर त्यात बाळाचं नाव उरणार नाही. लॅपटॉप तू ठेव. कॅसेट कुणालाही देऊ नकोस, जाळ.

माझी पेटी मिनलला. मोत्यांच्या कुड्या तिच्या सुनेसाठी, केव्हा येईल तेव्हा. निळी पैठणी बाळाच्या आत्याला, कामिनीला. कामिनी, पाळणा सुरू व्हायच्या आधीच बाळाच्या कानात नाव सांग. मोठ्याने सांग. जागा रिकामी राहू देऊ नकोस.

आंबे उरलेत ते महादेवरावांच्या पुतण्याला.

मिनल, गाण्यात मध्येच माझं नाव आलं तर हसू नकोस. तुझी आई माझी हजेरी लावायची, रोज. बाळ अजून लहान आहे. त्याच्या वतीने कुणीतरी—

ती दाराशी आली. कूलर आपोआप बंद पडला. ओळ संपत आली आहे, आत्याबाई आली, कानाशी—

आमच्या शाळेत नाव घेतलं की उभं राहून उत्तर द्यायचं असे. मी उभी रा