तेवीस नावं आणि तीन मोटरी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

जुलैनंतर आज वही उघडली. माफी. कुणाची मागायची ते नक्की नाही, कारण ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही. तरी चार महिने पानं कोरी ठेवली ही चूक माझीच. (नीट मोजलं तर तीन महिने बावीस दिवस.)

कारण वडिलांचे, आण्णांचे, डोळे. काचबिंदू. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नसते, उरलेली सांभाळा. डावा डोळा गेलाच. उजवा किती टिकेल ते सांगत नाहीत.

आण्णा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले. आमच्या गावचे तेवीस जण लढाईत गेले. त्यांची नावं सागाच्या फळीवर कोरून शाळेत लावायची, हे त्यांचं वीस वर्षांचं म्हणणं. शेवटचं नाव त्यांच्या थोरल्या भावाचं. आप्पासो, एकाहत्तर साल. आज भाऊबीजेच्या पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाले, नजर हाय तवर त्याचं नाव एकदा वाचायचंय.

मी तिथल्या तिथं शब्द दिला. सव्वीस जानेवारीला फळी शाळेत. बहिणीने सुताराचं नाव काढलं. मी नको म्हणालो. हाताने कोरलेले दोन 'क' कधी सारखे येत नाहीत. मी सीएनसी राउटर बनवतोय, म्हणजे कॉम्प्युटर सांगेल तसं लाकूड कोरणारं मशीन. ज्युनियर कॉलेजला वीस वर्षं फिजिक्स शिकवतो, एवढं जमायला हवं. लोखंडी सांगाडा मे महिन्यातच वेल्ड केलाय. (केला नाही, करवून घेतला.) आता फक्त तीन मोटरी आणि त्यांना हुकूम देणारं सर्किट निवडायचं. आठ दिवसांचं काम.

आण्णांनी एकच अट घातली. अक्षर दोन बोटं उंच ठेव.

१० नोव्हेंबर

अभ्यास सुरू. मोटर दोन जातींची. स्टेपर मोजून पावलं टाकते. एखादं पाऊल चुकलं तरी तिला पत्ता नसतो, तशीच आत्मविश्वासाने पुढे जाते. सर्वोला आपण कुठं आहोत ते कळतं, पण तिला आधी शिकवावं लागतं. दोन्हींचा विचार करणं भाग आहे. एक्सेल शीट केली. अकरा कॉलम.

फाट्यावर धनाजी भेटला. विहिरीच्या मोटरींचं रिवाइंडिंग करतो. कुणीतरी त्याला सांगितलं असणार, सर मोटर घेतायत. विचारलं, किती एचपीची? म्हटलं, एचपीत नसते, हाताच्या पंजात मावते. तो म्हणाला, मग पाणी काय चमच्यानं काढणार व्हय? पानटपरीपाशी बसलेले सगळे हसले. मीही हसलो. अज्ञानावर रागवू नये.

१९ नोव्हेंबर

निवडणुकीची ड्यूटी. उद्या मतदान. मतपेटीजवळ बसून... (चूक. मशीनजवळ.) मोटरीचा विचार करता येईल का, की तो ड्यूटीवरचा वेळ चोरणं ठरेल? करू नये असं ठरवलं.

२० नोव्हेंबर

केला. दुपारी दोन ते तीन गर्दी नव्हती तेव्हा.

१ डिसेंबर

स्टेपर जवळजवळ नक्की केली होती. आज आण्णा म्हणाले, अक्षर चार बोटं उंच कर. खुर्चीवर बसून दिसलं पायजे.

ग्राहकाने मध्येच स्पेसिफिकेशन बदललं की असं होतं. अक्षर दुप्पट म्हणजे फळी मोठी, फळी मोठी म्हणजे सांगाड्यावरचा प्रवास मोठा, म्हणजे वजन, म्हणजे मोटरीचा पिळाचा जोर, टॉर्क. सगळं गणित पुन्हा. मी शांतपणे समजावलं. ते म्हणाले, तुला अडचण असंल तर ऱ्हाऊ दे. म्हटलं, अडचण नाही, फक्त आधी सांगायला हवं होतं.

असं बोलायला नको होतं का? आवाज चढला नव्हता. बायको, रेश्मा, म्हणते चढला होता.

१५ डिसेंबर

एक्सेलमध्ये सत्तावीस कॉलम. आता प्रश्न सर्किटचा. एक छोटं बोर्ड फुकटच्या प्रोग्रॅमवर चालतं, दुसरं जुन्या कॉम्प्युटरला मागून जोडतात. इंटरनेटवरच्या ग्रुपमध्ये विचारलं. चौदा जणांची सोळा मतं. एकाने लिहिलं, काहीही घ्या पण सुरू करा. अशा लोकांमुळे देश मागे राहिला.

आज आण्णांनी चहा कपाच्या बाजूला ओतला. त्यांना म्हटलं, लक्ष कुठं आहे? हसले.

२९ डिसेंबर, सकाळ

आण्णा पुन्हा माझ्याकडे आले. आता उंचीचं न्हाई, म्हणाले, खोल कोर. किती? तर त्यांनी माझा हात धरला आणि माझ्याच तळव्यावर तर्जनीचं पेर दाबलं. एवढं. बोटाला लागलं पायजे.

दुसरा बदल! खोली वाढली की कापणाऱ्या स्पिंडलवर जोर, तो जोर मोटरीवर, मोटरीचा सर्किटवर. स्टेपर बाद होण्याची शक्यता. मी मनात चिडलो, तोंडाने काही बोललो नाही. ही प्रगती.

५ जानेवारी २०२५

रेश्मा आण्णांना घेऊन सांगलीला जाऊन आली. मला जायचं होतं, पण तेरा कंपन्यांची कोटेशनं आजच यायची होती. (नऊच आली.) डॉक्टर म्हणाले, उजव्याला आता उजेड-अंधार कळतो, बाकी फार नाही. मी विचारलं, अक्षर? चार बोटांचं? रेश्माने हातातली औषधांची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, अहो, उंची तुम्ही धा फूट केली तरी आता त्यांना बोटानंच वाचायचंय.

म्हणजे खोली हाच मुद्दा. स्पेसिफिकेशन अखेर पक्कं झालं.

वरचं वाक्य लिहून झाल्यावर परत वाचलं. खोडावं वाटलं. या वहीत खोडायचं नाही असा नियम आहे.

११ जानेवारी

निर्णय! स्टेपर. म्हणजे १ डिसेंबरलाच जी जवळजवळ नक्की होती ती. पण तेव्हाची निवड अंदाजाने होती, आजची अभ्यासाने. तीन मोटरी, सर्किट, पॉवर सप्लाय. ऑर्डर केली. कुरियरवाला गावात येत नाही, म्हणून पत्ता फाट्यावरचा दिला, धनाजीच्या दुकानाचा.

आण्णांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, आप्पासोचं नाव शेवटी हाय न्हवं? खालच्या ओळीत घे. उभं ऱ्हाऊन हात पोचला पायजे.

२२ जानेवारी, बुधवार, दुपारी ४

पार्सल काल आलं. मला निरोप आज मिळाला. कॉलेजमधून थेट फाट्यावर गेलो.

धनाजी माझी वाटच बघत होता. म्हणाला, सर, तुमाला फसवलंय गड्या. तिन्ही मोटरी बोगस.

झालं असं. त्याच्या दुकानात मोटर आली की आधी चालवून बघायची, मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, हा त्याच्या वडलांपासूनचा शिरस्ता. खोक्यावर 'मोटर' लिहिलेलं. त्याने पहिली काढली आणि घरचा दोनशेतीस व्होल्टचा करंट दिला. फिरंना, म्हणाला, नुसती थरथरली आन् धूर काढला. पहिली खराब निघाली म्हणून दुसरी लावली. तीही तशीच, म्हणून तिसरी. मी म्हटलं, अरे, त्यांना छत्तीस व्होल्ट लागतात, तेही मधल्या सर्किटमधून. तो कळवळला. आवं सर, मग तसं खोक्यावर मराठीत लिव्हायचं की! फुकटात वायंडिंग भरून देतो म्हणून एक उघडूनही बघितली होती त्याने. आत बघून म्हणाला, हितं माझी सुई जायाची न्हाई.

त्याचा दोष नाही. मी आधी सांगायला हवं होतं.

प्रामाणिकपणे लिहायचं तर परत येताना गाडीवर थोडं हलकं वाटलं. आता उशीर माझ्यामुळे नाही. हे का वाटलं ते तपासायला हवं.

सायंकाळी ७. सुताराकडे जाऊन आलो. तेवीस नावं, एवढी खोल, पंधरा दिवस तरी लागतील म्हणाला. नोव्हेंबरात का न्हाई आला?

२५ जानेवारी

कडेगावात फ्लेक्स छापून घेतला. एका तासात दिला. सागाच्या फळीवर चिकटवला. लाकडासारखाच रंग, अक्षरांना सावली दिलेली, लांबून अगदी कोरल्यासारखी वाटतात. तात्पुरती सोय. आण्णांना रात्रीच सांगणार होतो, पण त्यांनी उद्यासाठी इस्त्रीचा कोट आणि मेडलं काढून ठेवली होती. झोपेआधी कशाला.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन आठला. मुख्याध्यापिका प्रियदर्शनी मॅडमनी माइकवर सांगितलं, हा फलक सरांनी स्वतःच्या मशीनवर घडवलाय. टाळ्या. मी त्यांना असं सांगितलं नव्हतं. नाही असंही सांगितलं नव्हतं.

आण्णांना मी हाताला धरून फळीपाशी नेलं. त्यांनी सॅल्यूट केला. मग हात खाली नेला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. डावीकडून उजवीकडे नेलं. परत आणलं. वरची ओळ, त्याच्या वरची. मग सगळा तळवा फिरवला, आई लहान मुलाच्या पाठीवरून फिरवते तसा. धनाजी मागं उभा होता. रेश्मा झेंड्याकडे बघत होती.

आण्णा म्हणाले, लय गुळगुळीत आलंय रं. मशीनचं काम. आन् माझंच बोट आता मेलंय, त्याला लागंना.

मग माझ्या खांद्यावर थाप मारली.

मी म्हणालो, हो.

घरी आल्यापासून ते अंगणात बसून उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने चोळतायत. रेश्माकडे कोमट तेल मागितलं.

मी शेडमध्ये जाऊन सांगाड्यावरची धूळ पुसली. मग इथे येऊन बसलो. दुपारचे तीन वाजलेत. आज सांगता आलं असतं. अजूनही येईल. पण घरात पाहुणे आहेत.

उद्या: चहाच्या आधी आण्णांना सांगणे, की बोट चांगलं आहे.