बुन-ईची मांडणी

१९ ऑक्टोबर
आले एकदाची! बसमधून उतरल्यावर तासभर चालले, पाठीवर हत्यारांची पेटी. पण वाटेत घराघराच्या वळचणीला सोललेल्या तेंडूफळांच्या माळा सुकत होत्या, आणि एका बाईनं हाक मारून दोन फळं हातावर ठेवली. बाबा गेल्यावर एकटीच्या नावावर मिळालेलं हे पहिलं मोठं काम. गिऱ्हाईक योम आजी, वय ऐंशीच्या घरात, तोंड फटकळ. मला पाहताच म्हणाल्या, "सुतार मागवला होता, ही कोण बाहुली पाठवली?" घरात दुसरी फक्त दोक-सुनताई, स्वयंपाकाला. तिनं मुळ्याचा रस्सा वाढला आणि हळूच सांगितलं, की आजी सगळ्यांनाच असं बोलतात, मनावर घेऊ नको.

मांडणी आजींच्या सासऱ्यांच्या बैठकीत आहे. पुरुषभर उंच, चारी बाजूंनी उघडी, चार फळ्यांची. ओदोंग झाडाचं हलकं लाकूड, एकही खिळा नाही. इतकं सुबक काम मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. पण खालच्या दोन फळ्यांना कीड लागली आहे, आणि एक पाय डुगडुगतो. आजींची अट एकच: खोलीबाहेर न्यायची नाही.

२० ऑक्टोबर
दिवसभर मोजमाप. फुलदाणी, पुस्तकं सगळं उतरवलं. मांडणी रोज आजी स्वतः पुसतात. दोक-सुनताईला वीस वर्षांत बोट लावू दिलेलं नाही. ती म्हणते, चोर समजतात मला. पाणसळ लावून पाहिली. डावा पाय एक सूत लांब आहे. सोपं काम.

२१ ऑक्टोबर
सकाळी पाय रंधून एक सूत उतरवला. मांडणी झक्क उभी राहिली. दुपारी किडीच्या भोकांत पिचकारीनं टर्पेंटाईन भरायला घेतलं. पहिल्याच भोकात थेंब गेला आणि पलीकडच्या खोलीत आजी किंचाळल्या. धावत गेले. त्या दंड आवळून लोळत होत्या, म्हणाल्या संधिवात आहे, चालती हो. जवळ गेले तर टर्पेंटाईनचा वास येत होता. माझ्याच हातांना असेल.

२२ ऑक्टोबर
उठले तर चाल लंगडी. दुखत नाही, पण डावा पाय जमिनीला पुरत नाही. दोक-सुनताई हसली, म्हणाली आमच्या डोंगराच्या वाटेनं कंबर भरली असेल.
मोजपट्टी घेऊन स्वतःचे पाय मोजले. तीनदा मोजले.
डावा एक सूत आखूड आहे.

२३ ऑक्टोबर
आजींना सरळ विचारलं. आधी मांडणीचं काय केलंस ते सांग, म्हणाल्या. सांगितलं. मग त्याही लंगडत जवळ आल्या आणि बाही वर केली. दंडावर मोहरीएवढी भोकं. रक्त नाही. हात झटकला तशी पिठासारखी भुकटी चटईवर पडली.

सगळं सांगितलं त्यांनी, कपडे वाळत घालण्याबद्दल बोलावं तशा आवाजात. बुन-ई त्यांची नणंद. ती जन्मली तेव्हा रीतीप्रमाणे अंगणात ओदोंगचं झाड लावलं, लग्नात तिची पेटी करायला. सतराव्या वर्षी तिनं ठरलेलं स्थळ नाकारलं. मामंजींनी झाड तोडून त्याची आपल्या बैठकीसाठी मांडणी करायला सांगितली. पहिला घाव बसला तशी पोर अंथरुणावर पडली. शेवटच्या फळीला तेल लावलं त्या दिवशी गेली. कुऱ्हाड मामंजींच्या हातात मीच आणून दिली, आजी म्हणाल्या. तेव्हापासून उघड्या हातानं जो कोणी त्या लाकडाला शिवतो, त्याला ते एक-दोन रात्रींत धरतं, मग सोडत नाही. लाकडाचं जे होईल ते आपलं.

मी ओरडले, आधी का नाही सांगितलंत?

"सांगितलं असतं तर शिवली असतीस? सुतार चिकार मिळतात, पोरी, पण दुसऱ्याचं लाकूड म्हणून करतात. आता तू मन लावून करशील."

आणि हसल्या.

२४ ऑक्टोबर
पळून जावं तर मांडणी इथेच राहते. या बाईच्या हातात. किडीच्या तोंडात. किडीसाठी फळीवर कापूर ठेवला, तर माझ्याच तोंडात कापराची चव आली. कीड कोरून काढायला पटाशी टेकवली मात्र — नाही. हात चालत नाही.
लाकडाला कान लावला. आत खाण्याचा आवाज येतो. कुरकुर, आणि मध्येच थांबून, कुणी दात दाबून हसावं तसं —

२५ ऑक्टोबर
उशीवर भुकटी. माझ्या.
मनगटाजवळ एक भोक. परवा नव्हतं.
आजींना बोलता येत नाही आता. तोंड उघडलं की पीठ सांडतं. नजर मात्र माझ्यावरच — काम कर, काम कर.

२६ ऑक्टोबर
आता दोन्ही पायांना. भोकं. उभी राहता येत नाही. दोक-सुनताईनं माझा पाय पाहिला आणि मटकन खाली बसून रडली. म्हणाली, ती लाकडाची अवदसाच खातेय तुम्हा दोघींना, मी बघते तिच्याकडे. तिला सांगायला हवं होतं सगळं. वेड लागलं म्हणेल म्हणून —
उद्या सांगते.

२७ ऑक्टोबर, दुपार
बैठकीत सरपटत गेले. मांडणी नाही.
कोपऱ्यात चार पायांचे ठसे फक्त.

अंगणात दोक-सुनताई. गोधडीत गुंडाळून, दोरानं ओढत नेली तिनं. हात नाही लावला, शहाणी. भोवती पेंढा रचतेय. हाक मारली, आवाज फुटत नाही, तोंडात पीठ. खिडकीवर पटाशी आपटली. तिनं वर पाहिलं. हसून हात केला मला — आता सुटलात म्हणून —

पलीकडच्या खोलीत आजी भिंतीला नखं घासतायत.

हे पान फाडून तिच्याकडे टाकते. ताई, जाळू नको. ताई, त्यात आम्ही

इथली जमीन खालून चुलीच्या धगीनं तापते, पण आज चूल पेटवलेली नाही. जमीन गार आहे. मग तळव्यांना ही ऊब कस